न तुटणारी फ्लोरिनयुक्त रसायने : ती कशी मोडतात आणि शेतकऱ्यांनी काय जपावे?



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पहिला संशय आला तो पाण्यावर. पाण्याच्या नमुन्यांत क्षार व नायट्रेट जास्त आढळलेही. पण पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले दिसून आले. जो संशय सर्वांत आधी येतो तोच खरा असतो असे नाही, हा धडा त्यातून आपल्याला मिळाला. विष कोणते हे ओळखल्याशिवाय उपाय ठरविता येत नाही.

या लेखात अशाच एका न दिसणाऱ्या, चव व वास नसलेल्या रसायनांच्या गटाची माहिती देत आहोत. या गटाला 'पीएफएएस' किंवा 'पीफास' म्हणतात. वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख 'कायमची रसायने' असा येतो. ती जमिनीत कुजत नाहीत, उन्हाने विरत नाहीत, उकळल्याने जात नाहीत. मग ती मोडण्याचे काही उपाय आहेत का? आहेत. पण ते कोठे चालतात आणि कोठे चालत नाहीत, हे समजून घेणे शेतकऱ्यांच्या हिताचे आहे.

ही रसायने आहेत तरी काय?

१९३८ साली अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना प्रयोग करताना योगायोगाने एक पांढरी, मेणासारखी भुकटी मिळाली. तेच आजचे टेफ्लॉन. त्यावर पाणी टिकत नाही, तेल चिकटत नाही आणि आम्लाचाही परिणाम होत नाही. पुढे याच कुळातील हजारो रसायने तयार झाली. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे कापड, तेल न झिरपणारा कागद आणि पेट्रोलची आग विझविणारा फेस अशा अनेक वस्तूंत ती वापरली गेली.

त्यांचा टिकाऊपणा कार्बन व फ्लोरिन यांच्या बंधात आहे. सेंद्रिय पदार्थांत हा बंध सर्वांत बळकट एकेरी बंध समजला जातो. तो तोडण्यास दर मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन व हायड्रोजनचा बंध सुमारे ४१३ किलोज्यूलमध्ये तुटतो. शिवाय या रसायनांत कार्बनच्या साखळीला सर्व बाजूंनी फ्लोरिनचे कवच असते. त्यामुळे जिवाणूंना आत शिरावयास वाटच राहत नाही. आपण शेतात युरिया टाकतो तेव्हा जमिनीतील विकरे काही दिवसांत तो फोडून अमोनिया तयार करतात. शेणखत, काडीकचरा, गव्हांडा हे सारे कालांतराने कुजते. या रसायनांच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही.

किती अल्प प्रमाण धोक्याचे मानले जाते हे पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए व पीएफओएस या दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यातील मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरविली. समजा, आपल्या शेततळ्यात २० लाख लिटर पाणी आहे. त्या सर्व पाण्यात मिळून असे रसायन ८ मिलिग्रॅम असले, म्हणजे सुमारे तीन तिळांच्या वजनाइतके, तरी ही मर्यादा गाठली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ अखेर पीएफओएचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये समाविष्ट झाले.

फ्लोराईड वेगळे, पीफास वेगळे

येथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आपल्या जिल्ह्यातील काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असते. त्याने दात पिवळे-तपकिरी होतात व दीर्घकाळ सेवन झाल्यास हाडे आखडतात. हे फ्लोराईड खडकातून पाण्यात उतरते. ते नैसर्गिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

फ्लोराईड काढण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने म्हणजे 'नीरी'ने नलगोंडा पद्धत विकसित केली. तीत तुरटी, चुना व ब्लिचिंग पावडर यांचा वापर करतात. ही पद्धत फ्लोराईडसाठी उपयुक्त आहे. मात्र पीफासवर ती लागू पडत नाही. पीफासमध्ये फ्लोरिन कार्बनला घट्ट धरून बसलेला असतो, तो पाण्यात सुटा नसतो. त्यामुळे तुरटी-चुन्याच्या तो हाती लागत नाही.

तरीही या दोहोंचा एक संबंध आहे. पीफास पूर्णपणे मोडले की त्यातून सुटा होतो तो फ्लोराईडच. मोडण्याच्या सर्व पद्धतींचे यश याच फ्लोराईडवरून मोजतात. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

ही रसायने शेतात कशी पोहोचतात?

परदेशातील चार उदाहरणे लक्षात घेण्याजोगी आहेत. चारही ठिकाणी नुकसान शेतकऱ्यांचे झाले.

१) अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग गावाजवळ विल्बर टेनंट नावाचे पशुपालक होते. त्यांच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या बाजूस ड्यू पॉन्टची कचराभूमी होती. ओढ्याचे पाणी पिणारी दीडशेहून अधिक जनावरे त्यांनी गमावली. १९९८ मध्ये ते रॉब बिलॉट या वकिलाकडे गेले आणि १९९९ मध्ये दावा दाखल झाला. पुढे परिसरातील सुमारे ६९ हजार लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. पीएफओएचा संबंध मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉईडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल यांसह सहा आजारांशी असल्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या समितीने काढला. एका गोपालकाने आपल्या गुरांकडे लक्ष दिले म्हणून हे सारे उजेडात आले.

२) अमेरिकेतीलच मेन राज्यात शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून शेतात टाकला जात असे. वर्षानुवर्षांनी दुधात, चाऱ्यात व विहिरीत ही रसायने आढळली. २०२२ मध्ये त्या राज्याने असा गाळ शेतात टाकण्यास कायद्याने बंदी घातली.

३) जर्मनीत रास्टाट भागात कागद कारखान्याचा गाळ मिसळलेले कंपोस्ट शेतात टाकले गेले. त्यामुळे शेकडो हेक्टर जमीन व भूजल दूषित झाले.

४) इटलीच्या व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो येथील मिटेनी कंपनीच्या कारखान्यामुळे भूजल दूषित झाले. सुमारे ३ लाख ५० हजार लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ पोहोचली. तेथील शेतकरी त्याच भूजलावर ओलीत करीत. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये विचेन्झा येथील न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या.

या चौथ्या उदाहरणाचा आपल्या राज्याशी संबंध आहे. मिटेनीची यंत्रसामग्री २०१९ मध्ये लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली. ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली. यंत्रे आली म्हणजे प्रदूषण झालेच, असा याचा अर्थ नव्हे. मात्र अशा कारखान्याच्या परिसरात विहिरींचे व नद्यांचे नमुने आधीच तपासून त्यांची नोंद ठेवणे शहाणपणाचे असते. नंतर तुलना करावयास आधार लागतो.

लोटे बुलडाण्यापासून दूर आहे. तेथील पाणी वाशिष्ठी नदीला मिळते. आपल्या जिल्ह्याचे पाणी पूर्णेतून तापीला आणि पैनगंगा-खडकपूर्णेच्या मार्गाने गोदावरीला जाते. त्यामुळे तेथील पाणी येथे येण्याचा प्रश्न नाही. पण गाळ, कंपोस्ट, कारखान्यातील टाकाऊ पदार्थ व रसायनांचे रिकामे पिंप ट्रकने कोठूनही कोठेही जातात. आपण लक्ष ठेवायचे ते यावर.

गाळणे म्हणजे नष्ट करणे नव्हे

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या खारपाणपट्ट्यातील गावांना आरओ यंत्र नवीन नाही. यंत्राच्या एका नळीतून गोड पाणी येते आणि दुसऱ्या नळीतून पूर्वीपेक्षा जास्त खारे पाणी बाहेर पडते. यंत्र क्षार नष्ट करीत नाही. ते फक्त एका बाजूचे क्षार दुसऱ्या बाजूला ढकलते. ते खारे पाणी नालीतून पुन्हा जमिनीतच मुरते, हे आपण पाहतोच.

पीफास पाण्यातून काढण्याच्या आज रूढ असलेल्या तिन्ही पद्धती अशाच आहेत.

१) सक्रिय कोळसा : नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून तयार केलेल्या कोळशाच्या थरातून पाणी सोडतात. लांब साखळीची रसायने कोळशाला चिकटतात. आखूड साखळीची रसायने लवकर निसटतात.

२) आयन विनिमय राळ : राळेचे बारीक मणी ही रसायने धरून ठेवतात. मणी भरले की ते बदलावे लागतात किंवा धुवावे लागतात.

३) आरओ : लांब व आखूड दोन्ही प्रकार बऱ्याच प्रमाणात अडतात, पण टाकाऊ पाण्यात ती दाट होऊन बाहेर पडतात.

या पद्धती निरुपयोगी आहेत असे नाही. पिणाऱ्याचे त्या रक्षण करतात. पण भरलेला कोळसा उकिरड्यावर टाकला किंवा टाकाऊ पाणी नाल्यात सोडले, तर विष फक्त जागा बदलते. म्हणून गाळून गोळा झालेले दाट द्रावण किंवा कोळसा पुढे मोडून टाकावा लागतो. रसायनशास्त्राचे खरे काम येथून सुरू होते.

मोडण्याच्या रासायनिक पद्धती

१) उच्च तापमानात जाळणे : घातक कचऱ्याच्या विशेष भट्टीत ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान ठेवतात. उष्णता कमी पडली तर साखळी अर्धवट तुटते व लहान फ्लोरिनयुक्त वायू हवेत जातात. पूर्ण ज्वलनातही हायड्रोजन फ्लोराईड हा जहाल वायू निघतो. तो चुन्याच्या किंवा कॉस्टिकच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. शेताच्या बांधावर प्लॅस्टिक, जुने कोटिंगचे तवे किंवा औषधांचे डबे जाळणे किती घातक आहे, हे यावरून कळावे. तेथे तापमान पुरेसे नसते आणि धूर धुण्याची सोयही नसते.

२) अतिक्रांतिक पाणी : पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर तापविले आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २१८ पटींहून अधिक दाब दिला, की ते ना वाफ राहते ना द्रव. अशा पाण्यात सेंद्रिय पदार्थ व ऑक्सिजन एकजीव होतात आणि पदार्थ काही सेकंदांत जळून जातो. पद्धत प्रभावी आहे. परंतु तयार होणारे आम्ल पोलादी भांडे खाते. त्यामुळे महागडे मिश्रधातू वापरावे लागतात.

३) कॉस्टिक सोडा, उष्णता व दाब : घरच्या प्रेशर कुकरचे तत्त्व येथे आहे, पण तापमान ३५० अंशांच्या आसपास आणि सोबत तीव्र कॉस्टिक सोडा. या स्थितीत हायड्रॉक्साईड आयन साखळीवर हल्ला करून फ्लोरिन एकेक करून सोडवितात. लोणार सरोवराच्या पाण्यातील खार कितीही कडक वाटला तरी साध्या तापमानाच्या खारट-अल्कधर्मी पाण्याने हे काम होत नाही, हे ध्यानात घ्यावे.

४) अतिनील प्रकाश व सल्फाईट : पाण्यात सल्फाईट मिसळून त्यावर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. त्यामुळे पाण्यात सुटे इलेक्ट्रॉन तयार होतात. ते कार्बन-फ्लोरिन बंधाला भिडून फ्लोरिनला सोडवितात. याला उष्णता वा दाब लागत नाही. पण पाण्यात नायट्रेट किंवा विरघळलेला ऑक्सिजन असला, तर तेच हे इलेक्ट्रॉन आधी गिळून टाकतात. आपल्याकडील अनेक विहिरींच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे. त्यामुळे परदेशात प्रयोगशाळेत चाललेली पद्धत येथील पाण्यावर जशीच्या तशी चालेल असे समजू नये.

५) विद्युत पद्धत : बोरॉन मिसळलेल्या कृत्रिम हिऱ्याचा थर दिलेले विद्युतअग्र पाण्यात बुडवून वीजप्रवाह सोडतात. रसायन अग्राच्या पृष्ठभागावर तुटते. परंतु पाण्यात क्लोराईड जास्त असल्यास परक्लोरेट हा दुसरा घातक पदार्थ तयार होतो. खारपाणपट्ट्यातील पाण्यासाठी ही मोठी अडचण ठरेल.

६) सौम्य उष्णतेची पद्धत : ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे विल्यम डिक्टेल, ब्रिटनी ट्रँग व सहकाऱ्यांनी एक वेगळी वाट दाखविली. साखळी मध्ये तोडण्याऐवजी तिच्या टोकाला असलेला आम्लगट त्यांनी आधी काढला. डायमिथाईल सल्फॉक्साईड हे द्रावक व कॉस्टिक सोडा घेऊन ८० ते १२० अंशांना तापविले असता टोक निखळते आणि पुढे साखळी आपोआप उसवत जाते. गोणीच्या शिवणीचा नेमका दोरा ओढला की सगळी शिवण सुटते, तसाच हा प्रकार आहे. मात्र ही पद्धत पीएफओएसारख्या कार्बोक्सिलिक आम्लांना लागू पडते. पीएफओएससारख्या सल्फॉनिक आम्लांना ती लागू पडत नाही.

७) दळण्याची पद्धत : मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या व्हेरोनिक गुव्हर्नर व सहकाऱ्यांनी पीफासयुक्त पदार्थ पोटॅशियम फॉस्फेटसोबत पोलादी गोळ्यांच्या गिरणीत दळून मोडून दाखविले. बाहेरून उष्णता दिली नाही आणि द्रावकही वापरले नाही. टेफ्लॉनसारखे घन प्लॅस्टिकही यात तुटते. निघालेला फ्लोराईड पुन्हा उद्योगात वापरता येतो, हे या पद्धतीचे विशेष. फॉस्फेट ऐकून कोणी घरी खतावर प्रयोग करू नये. ही बंद यंत्रात, प्रशिक्षित हातांनी करावयाची गोष्ट आहे.

खरोखर तुटले की नाही? फ्लोरिनचा हिशेब

समजा, एखाद्या प्रक्रियेनंतर पाण्यात पीएफओए शून्य आढळले. तेवढ्यावरून ते नष्ट झाले असे म्हणता येत नाही. आठ कार्बनची साखळी तुटून चार कार्बनची झाली असेल किंवा ते वायूरूपाने उडाले असेल. म्हणून हिशेब फ्लोरिनचा करावा लागतो.

पीएफओएच्या वजनात सुमारे ६९ टक्के फ्लोरिन असतो. म्हणजे १०० ग्रॅम पीएफओए पूर्ण मोडले, तर सुमारे ६९ ग्रॅम फ्लोराईड पाण्यात सुटे झालेच पाहिजे. ते ३० ग्रॅमच मिळाले, तर उरलेला फ्लोरिन अजून कोठेतरी कार्बनला बिलगून आहे असे समजावे. कापूस मोजून दिला आणि सरकी-रुई मिळून वजन जुळले नाही, तर आपण जिनिंगवाल्याला विचारतोच. हा हिशेब तसाच आहे.

सुटा झालेला फ्लोराईडही तसाच सोडून चालत नाही. त्यात विरी गेलेला चुना मिसळतात. वरील ६९ ग्रॅम फ्लोराईडला किमान १३४ ग्रॅम चुना लागतो आणि सुमारे १४१ ग्रॅम कॅल्शियम फ्लोराईड तळाशी बसते. हे खनिज पाण्यात फारच कमी विरघळते. खडकातील फ्लोराईड पुष्कळदा याच खनिजाच्या रूपात असतो. ज्या खनिजापासून उद्योगाने फ्लोरिन घेतला, त्याच रूपात तो परत आला, की काम पूर्ण झाले असे मानतात.

मग शेतातच प्रक्रिया का करता येत नाही?

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२ लाख ४० हजार किलो भरते. एवढी माती ११०० अंशांपर्यंत तापविणे किंवा कॉस्टिकमध्ये शिजविणे शक्य नाही. केलेच तर ती माती राहणार नाही, वीट होईल. तीव्र ऑक्सिडीकारक रसायने टाकली तर सेंद्रिय कर्ब व उपयुक्त जिवाणू आधी नष्ट होतील. शिवाय मातीतील काही पूर्वगामी रसायनांचे रूपांतर उलट पीएफओएमध्येच होऊ शकते. वरील सर्व पद्धती थोड्या आकारमानात गोळा केलेल्या, दाट कचऱ्यासाठी आहेत. कारखान्याच्या दाराशी त्या शक्य आहेत. शेतात एकदा पसरल्यावर मात्र आज व्यवहार्य उपाय नाही.

पिके ही रसायने शोषतात. सर्वसाधारणपणे आखूड साखळीची रसायने पानांत व फळांत पोहोचतात, तर लांब साखळीची मुळांत अधिक राहतात. म्हणजे पालेभाजी आणि हिरवा चारा यांतून ती माणसांपर्यंत व जनावरांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून शेतकऱ्यासाठी मोडण्यापेक्षा रोखणे हाच खरा उपाय होय.

कीडनाशकांबाबत दोन शब्द

आपण वापरतो त्या काही कीडनाशकांत व तणनाशकांतही फ्लोरिन असतो. उदा. कपाशीवरील रसशोषक किडींसाठी फ्लोनिकामिड, सोयाबीनमधील तणांसाठी फ्लुआझिफॉप-पी-ब्युटाईल. ही औषधे वरील रसायनांप्रमाणे जशीच्या तशी कायम राहत नाहीत. परंतु अशा काही औषधांच्या विघटनातून ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल म्हणजे टीएफए हा अत्यंत लहान व टिकाऊ रेणू उरतो आणि पाण्याबरोबर भूजलात जातो. सक्रिय कोळसा त्याला नीट धरू शकत नाही. जुलै २०२५ मध्ये डेन्मार्कने या कारणावरून २३ कीडनाशक उत्पादनांची मान्यता काढून घेतली. त्यांत फ्लोनिकामिडयुक्त उत्पादनेही होती.

यावरून घाबरून पीक वाऱ्यावर सोडावे असे आम्ही सुचवीत नाही. पण शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारण्याची पद्धत सोडावी. पानामागे सरासरी १० मावा किंवा २ ते ३ तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच रासायनिक फवारणी करावी. सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारू नये.

शेतकरी बंधूंनी घ्यावयाची काळजी

१) कारखान्याचा, कागद गिरणीचा किंवा शहरी सांडपाण्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून शेतात टाकू नये. कोणत्या ठिकाणचा गाळ आहे हे लेखी घ्यावे व तपासणी अहवाल मागावा. अहवाल नसल्यास नम्रपणे नकार द्यावा. स्वतःचे शेणखत, गांडूळखत व हिरवळीचे खत सर्वांत भरवशाचे.

२) कंपोस्ट विकत घेताना त्यात कोणता कच्चा माल वापरला आहे याची चौकशी करावी. 'सेंद्रिय' असा शिक्का एवढाच पुरावा मानू नये.

३) रसायनांचे जुने पिंप पाणी किंवा धान्य साठविण्यासाठी वापरू नयेत.

४) कीडनाशकाचे रिकामे डबे तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणी पंपातच टाकावे. डब्याला छिद्र पाडून तो निकामी करावा. तो जाळू नये, विहिरीजवळ वा नाल्यात फेकू नये.

५) पेट्रोल पंप, तेल गिरणी येथील मुदत संपलेला आग विझविणारा फेस नाल्यात ओतू देऊ नये. जुन्या फेसात ही रसायने असू शकतात. अशी विल्हेवाट दिसल्यास ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे.

६) विहिरीचे व बोअरचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावे. क्षार, नायट्रेट व फ्लोराईड यांची तपासणी भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. अहवाल फाईलमध्ये जपून ठेवावेत.

७) पीफासची तपासणी नेहमीच्या पाणी तपासणीत होत नाही. त्यासाठी विशेष उपकरण लागते आणि खर्चही बराच येतो. म्हणून ती प्रत्येकाने करण्याची गरज नाही. मात्र जवळ तसा कारखाना, कचराभूमी किंवा गाळ टाकलेली जमीन असल्यास गावाने मिळून ती मागणी करावी. नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर नसावे.

८) गुरांकडे लक्ष ठेवावे. एकाच पाणवठ्यावरची जनावरे खंगू लागली, वारंवार गाभडू लागली, तर पशुवैद्यकास दाखवावे आणि पाण्याचा नमुना त्याच दिवशी राखून ठेवावा.

९) 'ही पावडर विहिरीत टाका, सर्व विषारी रसायने नष्ट होतील' असे सांगणारा विक्रेता आल्यास त्याला एकच प्रश्न विचारावा : फ्लोराईड किती निघाला आणि तो कोठे गेला? ज्याला उत्तर देता येत नाही त्याची पावडर घेऊ नये.

बंधूंनो, चिबडलेली जमीन चर काढून सुधारता येते. खारवटलेल्या जमिनीला निचरा व सेंद्रिय खते देता येतात. चोपण जमिनीला जिप्सम आहे. जमिनीच्या बहुतेक दुखण्यांवर कष्टाने व काळाने उतारा मिळतो. हे एक दुखणे असे आहे की ज्यावर शेतात अद्याप उतारा नाही. म्हणून गाळाची ट्रॉली बांधावर येऊन उभी राहील त्या वेळी दोन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. ट्रॉली रिकामी झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.